रस्त्यावरच्यांची नावं घेतली नाहीत

चौतीस वर्षं मी सरकारी लेखापरीक्षक होतो. म्हणजे चौतीस वर्षं मला एक पैसाही फुगवून सांगता आला नाही. आमच्या घराण्यात हा केवढा अत्याचार! माझे वडील खाडीकाठी मिठागरात राबायचे. त्यांनी जिताडा मासा पकडला की घराच्या उंबऱ्यापर्यंत येईतो तो चार हात लांब झालेला असायचा, आणि शेजारच्या गावात पोचेस्तोवर त्याने वडिलांनाच खाडीत ओढून नेलेलं असायचं. अशा घरात मी एकटाच असा निघालो, ज्याने जन्मभर दोन दशांशस्थळांपर्यंत खरं लिहिलं. म्हणून निवृत्त झालो त्याच दिवशी ठरवलं की आता मोकळेपणाने फुगवायचं. बायको म्हणते, "अहो, तुम्ही हल्ली रिक्षाचं भाडंसुद्धा दीडपट करून सांगता." सांगतो. माझी थकबाकी आहे ती.

तर ऐका. खोटं बिल मी नुसत्या वासावर ओळखतो. फाईलीची नाडी सोडायच्या आधी. एका उन्हाळ्यात एका छोट्या नगरपालिकेची टँकरची बिलं तपासत होतो. एकच टँकर, दिवसाला अडतीस खेपा. विहीर ते वस्ती अकरा किलोमीटर, मध्ये रेल्वेचं फाटक. मी टोपी घालून फाटकाशेजारच्या उसाच्या गुऱ्हाळात बसलो. सतरा ग्लास रस प्यायलो, तेवढ्यात टँकर एकदा गेला. तोही रिकामा, आणि मागे दोन शेळ्या बांधलेल्या. संध्याकाळी मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "साहेब, बाकी सगळं ठीक आहे. फक्त याचा वैमानिक कोण, तेवढं सांगा." त्या बिलाचे पैसे परत आले. शेळ्या मात्र मी वाढवल्या आहेत. एकच होती.

आता बाहेरच्या माणसाला वाटतं, ऑडिट म्हणजे धाड. तसं काही नसतं हो. सरकारचा पैसा जिथे खर्च झाला तिथे आम्ही वर्ष-दोन वर्षांनी पोचतो. तोवर माणसं पांगलेली असतात, जेवण जिरलेलं असतं. मागे राहतो तो कागद, आणि आम्ही प्रश्न विचारतो ते कागदाला. पान मधोमध उभं दुमडायचं, डाव्या अर्ध्यात आमचा प्रश्न, उजवं अर्धं त्यांच्या उत्तरासाठी कोरं. याला अर्धसमास म्हणतात. हा नियमाने शाईत द्यायचा. पण आमच्याकडची रीत अशी की आधी पेन्सिलीने द्यायचा. तीन दिवसांची सवड. त्या तीन दिवसांत एखादा हरवलेला कागद हटकून सापडतो. तो कधी जन्मला हे आम्ही विचारत नाही. कागद आला की खोडरबर फिरवायचं. नाही आला तर शाई. शाईचा प्रश्न अहवालात परिच्छेद होऊन बसतो आणि परिच्छेदाच्या शेवटी लिहिलेलं असतं, रक्कम अमुकअमुक यांच्याकडून वसूलपात्र. तो अमुकअमुक निवृत्तीला आलेला असेल तर त्याची ग्रॅच्युइटी अडकते.

ही पेन्सिल लक्षात असू द्या. आणि इथून पुढचा एकही आकडा मी फुगवणार नाही, कारण तो फुगवायची हिंमत मला अजून झालेली नाही.

लॉकडाऊनमध्ये परप्रांतीय मजुरांसाठी आमच्या जिल्ह्यात जागोजागी निवारा केंद्रं उघडली होती. कुठे शाळा, कुठे मंगल कार्यालय, कुठे कारखान्याची शेड. राहायचं, दोन वेळचं जेवण, सगळं सरकारी खर्चाने. त्या खर्चाचं ऑडिट पुढे माझ्या पथकाकडे आलं. पथक म्हणजे मी आणि सावंत नावाचा ज्युनिअर. सावंत हुशार पोरगा, पण मोबाईलवर एक डोळा. आमच्या जिल्ह्यात महापालिकाच एवढ्या आहेत की कोणती कुठली हे विचारू नका, मी सांगणार नाही.

पहिलं केंद्र वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये ठेकेदाराने चालवलेलं. ठेकेदार दिसला नाही, त्याचा मॅनेजर आला. पांढरा शर्ट, अत्तर, सोबत काजूकतलीचा बॉक्स. तो आम्ही उघडला नाही. सावंतने हातात घेऊन वजन तेवढं केलं.

"सर, आमचं सगळं ए-वन असतं," मॅनेजर म्हणाला. "फाईल बघा, लग्नाची पत्रिका वाटेल."

खरंच वाटत होती. सहाशे माणसं, चाळीस दिवस, दोन्ही वेळच्या जेवणापुढे सह्या. बिहारचा, बंगालचा, झारखंडचा, सगळे एकाच सुरेख मराठी वळणात सही करणारे. मी पेन्सिलीने विचारलं, सर्वांचं हस्ताक्षर एक कसं? तिसऱ्या दिवशी कागद सापडला. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, की लिहिता न येणाऱ्यांच्या वतीने त्यांच्या संमतीने केंद्राच्या लेखनिकाने सह्या केल्या. खाली शिक्का. मी खोडरबर फिरवलं.

पण चैन पडेना. पुन्हा ते रजिस्टर उलटंपालटं केलं. चाळीस दिवस जेवणाच्या पंगतीत फिरलेली वही, आणि डाळीचा एक डाग नाही. पान मुडपलेलं नाही. हळदीचं बोट नाही. मी आमच्या मोठ्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, इथे कोणी जेवलेलंच नाही. मला वास येतोय."

"पाटील," साहेब म्हणाले, "वास कुठल्या नियमाखाली लिहायचा ते सांगा. मी आत्ता सही करतो."

मजूर कुठे शोधणार? रजिस्टरच्या ठरलेल्या नमुन्यात फोन नंबरचा रकानाच नव्हता. नाव, वय, राज्य, सही. संपलं. त्या केंद्रावर आमच्या अहवालात शेरा पडला, कागदपत्रे परिपूर्ण आढळली.

दुसरं केंद्र होतं पडघ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका महापालिकेच्या शाळेत. मुख्याध्यापिका वाघमारेबाईच केंद्राच्या प्रमुख. राहायला मोहन्याला, चाळीत. बुटक्या, चष्म्याला दोरी, बोलताना समोरच्याला चौथीतला समजून बोलणाऱ्या. निवृत्तीला सात महिने उरलेले. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "लवकर आटपा हं तुमचं. माझे ग्रॅच्युइटीचे कागद तुमच्या दाखल्यासाठी थांबलेत. टिटवाळ्याला वन-रूम-किचन बुक केलंय, शेवटचा हप्ता त्यातून द्यायचाय. चाळ पाडायची नोटीस आलीय आमची."

त्यांचं रजिस्टर मी उघडलं आणि मला भूक लागली. हे फुगवलेलं नाही. हळद, तेल, एका पानावर खिचडीचं शीत वाळून चिकटलेलं. नमुन्यातल्या चार रकान्यांपुढे बाईंनी पट्टीने आणखी तीन आखले होते. गाव, घरचा फोन आणि 'काय हवं'. त्या शेवटच्या रकान्यात लिहिलेलं, चप्पल. चप्पल. बीपीची गोळी. बाळासाठी दूध. चप्पल. आईला फोन करून द्या.

रजिस्टरच्या मागच्या पानांवर मात्र नावं नव्हती. नुसते दिवसवार आकडे आणि वर शीर्षक: रस्त्यावरचे. एकोणीस दिवस, चार हजार सहाशे चाळीस पाकिटं. पाकिटाला चाळीस रुपये. एक लाख पंच्याऐंशी हजार सहाशे.

"बाई, हे रस्त्यावरचे म्हणजे कोण?"

"रस्त्यावरचे म्हणजे रस्त्यावरचे. चालत जाणारे. पनवेलकडनं, शिळफाट्याकडनं यायचे, नाशिकच्या हायवेला लागायचे. आमच्या खिचडीवाल्या ताया पुरी-भाजीची पाकिटं करायच्या, आम्ही गेटवर उभ्या राहायचो."

"पण आदेशात केंद्रात राहणाऱ्यांनाच जेवण असं आहे."

"राहा म्हटलं होतं की. ते राहत नव्हते. त्यांना घरी जायचं होतं."

"बरं. मग नावं?"

बाईंनी चष्मा काढला. "पहिल्या दिवशी रीतसर टेबल लावलं, वही उघडली, पेन हातात घेतलं. तर माणसं रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जायला लागली. उपाशी, पण पलीकडून. वहीत नाव गेलं की पोलीस कोंडून घालणार, असं वाटायचं त्यांना. एक बाई होती, कडेवर मूल. तिने माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि चालायला लागली. मी हाका मारतेय, ती पळतेय. मग वही कपाटात ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून थांबायला लागले."

सावंतला राहवलं नाही. "अहो मॅडम, मग इथे वेगळं लिहिलंत कशाला? आतल्यांच्यातच धरून टाकायचे ना. चार-पाच हजार जेवणं अशीच विरघळली असती. कोण बघतंय?"

"ते आत नव्हते," बाई म्हणाल्या.

मी पान दुमडलं, डावीकडे पेन्सिलीने प्रश्न लिहिला आणि त्यांच्याकडे सरकवला. जितका सूचक चेहरा करता येतो तितका केला. भुवया टाळूपर्यंत नेल्या. "तीन दिवस आहेत बाई. एखादी जादा हजेरीवही कुठे पडलीय का बघा. कपाटामागे वगैरे. घाई नाही. सावकाश शोधा."

"कपाटामागे पाल आहे," बाई म्हणाल्या. "पण बघते."

मला वाटलं, कळलं त्यांना.

मधल्या वेळात सावंतने आपण होऊन एक उद्योग केला. रजिस्टरमधल्या एका नंबरवर फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे झारखंडमधलं कुठलंसं गाव, मागे कोंबडे ओरडतायत.

"हाँ साहब, उस स्कूल में रहे थे हम। बारह दिन। मैडम कैसी हैं? उनका घुटना?"

सावंतने विचारलं, बाहर रोड पे भी खाना मिलता था क्या?

"अरे, हम तो पहले रोड वाले ही थे साहब। मैडम ने पूड़ी दिया तो रुके। बाकी तो भागे जा रहे थे सब। कितने लोग? अब गिनती तो मैडम करती थीं।"

सावंतने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "सर, हा पुरावा नाय का?"

"लेखी दे म्हणावं," मी म्हटलं. "सहीनिशी. आणि ओळखपत्राची प्रत."

तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी वाघमारेबाई आमच्या ऑफिसात आल्या. एक गुडघा धरत जिना चढून. पर्समधून तोच दुमडलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. डावीकडे माझी पेन्सिल. उजवीकडे निळी शाई, टपोरं अक्षर, खाली पूर्ण सही, शाळेचा गोल शिक्का, जावक क्रमांक. मजकूर असा: 'सदर जेवण केंद्राबाहेरून चालत जाणाऱ्या व्यक्तींना मी स्वतःच्या जबाबदारीवर दिले. रस्त्यावरच्यांची नावे घेतली नाहीत. नावे विचारल्यास ते थांबत नसत. संख्या मी स्वतः मोजली आहे.'

चौतीस वर्षांत मी हजारो अर्धसमास दिले असतील. पेन्सिलीला कोणी शाईने उत्तर दिल्याचं पाहिलं नव्हतं. ही चूक करायला आमच्या खात्याची रीत अजिबात ठाऊक नसावी लागते, किंवा पस्तीस वर्षं मुलांना शिकवलेलं असावं लागतं.

"बाई, हे काय करून बसलात!"

"तुम्ही उत्तर मागितलं होतं."

"उत्तर कुठे मागितलं हो? कागद मागितला होता!"

"फरक काय?"

मी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला. "हे घेऊन जा. नवीन पान देतो. हीच माणसं केंद्रात एकेक वेळ जेवली असं दाखवा. नावं मी सांगू का? कुठलीही घाला. तुमच्या वर्गातल्या जुन्या हजेरीतली घाला. मी खोडरबर घेऊन बसलोय."

"खोटी घालू?"

"खोटी नाही हो, सोयीची."

त्या उठल्या. कागद टेबलावरच राहिला. दाराशी थांबून म्हणाल्या, "पाटीलसाहेब, चार हजार सहाशे चाळीस वेळा मी स्वतः हाताने पाकीट दिलंय. मी कुणाची दुसरी नावं घालणार नाही." आणि जिना उतरल्या, एकेक पायरी, कठडा धरून.

तो कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला. त्याची दुसरी प्रत कुठेही गेलेली नव्हती, हे मी शाळेचं जावक रजिस्टर मागवून बघून घेतलं होतं. आमच्या खात्यात कागद हरवण्याइतकं सोपं काही नाही. मी स्वतः तोवर किती हरवले असतील ते मोजायला वेगळं पथक लागेल. आठ दिवस तो ड्रॉवरमध्ये होता. आठही दिवस मी ठरवत होतो, आज हरवू.

नवव्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. समोर अहवालाचा मसुदा.

"पाटील, एवढी केंद्रं, एवढा खर्च, आणि वसुली निरंक? वर काय सांगू मी? आपण काय तिथली पुरी-भाजी खाऊन आलो?"

माझ्याही निवृत्तीला वर्षच उरलं होतं. माझा शेवटचा गोपनीय अहवाल याच साहेबांनी लिहायचा होता. वागळेच्या फाईलीला हात लावता येत नव्हता, ती परिपूर्ण होती. मी परिपूर्ण केली होती, माझ्या खोडरबराने.

"एक आहे, साहेब," मी म्हटलं.

"जबाब आहे?"

"शाईत."

एवढंच बोललो. फार तर दोन-चार शब्द. त्यासाठी कोणी माझा हात पिरगाळला नव्हता.

परिच्छेद झाला. केंद्राबाहेरील अनोळखी व्यक्तींना अनियमित वाटप, शासनाचे नुकसान, रक्कम केंद्रप्रमुखांकडून वसूलपात्र. सुनावणीत वाघमारेबाईंनी पुन्हा तेच सांगितलं, तसंच, शब्दाला शब्द. सात महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या आणि ग्रॅच्युइटीतून एक लाख पंच्याऐंशी हजार सहाशे कापले गेले. टिटवाळ्याच्या बिल्डरने दोन महिने वाट बघितली आणि खोली दुसऱ्याला दिली.

हे सगळं घरी मी एकदा जेवताना बोललो. आमची आई त्र्याऐंशीची, ऐकू कमी येतं असं आम्हाला वाटतं.

"जेवान दिलान ना तिनं?" ती म्हणाली. "मंग तिला कशाला धरलास?"

"आई, नियम असतो."

"नियम उपाशी व्हता का?"

बायकोने माझ्या ताटात आमटी वाढली. मी ती तशीच ठेवून उठलो.

पुढच्या वर्षी माझा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. मोठे साहेब भाषणात म्हणाले, "कोरोना काळातल्या त्या किचकट खर्चातून प्रत्यक्ष रक्कम वसूल करून दाखवली ती पाटलांच्या पथकाने." टाळ्या वाजल्या. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की आमच्या अहवालातल्या सगळ्या केंद्रांत मिळून सरकारजमा झालेली रक्कम तेवढीच होती. सावंत मागच्या रांगेत होता. तो टाळी वाजवत नव्हता, मोबाईलही बघत नव्हता.

निवृत्तीचे पैसे हातात आले, तशी मी पन्नास हजार पाकिटात घातले आणि मोहन्याला गेलो. चाळ पाडून झाली होती. विचारत विचारत बाईंचं नवं घर सापडलं, तिथेच मागच्या गल्लीत भाड्याची एक खोली. रस्ताभर मी भाषण जुळवत होतो. आणि त्या नको म्हणणार याची मला खात्री होती. तुम्हालाही असेल. अशा बाया नको म्हणतात, आपण आग्रह करतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आपल्याही येतं, चहा होतो आणि आपण मोकळे होऊन घरी येतो. माझं पाणी तर स्टेशनपासूनच तयार होतं.

बाईंनी दार उघडलं. ओळखलं. "बसा" म्हणाल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. मी पाकीट पुढे केलं आणि भाषणाला सुरुवात केली. त्यांनी हात करून थांबवलं, पाकीट घेतलं, पलंगावर बसून नोटा मोजल्या. एकदा. मग चष्मा पुसून पुन्हा एकदा.

"पन्नास हजार," त्या म्हणाल्या. "बाकीचे?"

मी उगाच खिसा चाचपला, त्यात परतीचं तिकीट तेवढं होतं.

"एक लाख पस्तीस हजार सहाशे राहतात," बाई म्हणाल्या. "कधी देणार?"

"दरमहा पाच हजार देतो," मी म्हटलं. पेन्शनीतून तेवढेच निघण्यासारखे होते.

बाईंनी मनातल्या मनात भागाकार केला. "सत्तावीस महिने. आणि शेवटी वर सहाशे." कपाटातून वही काढली, पट्टीने रकाने आखले, माझं नाव लिहिलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. "सही करा."

मी केली.

आता चौदा हप्ते झाले. दर महिन्याच्या चार तारखेला जातो. एका महिन्यात मलेरियाने पडलो होतो, तेव्हा बायकोला पाठवलं, तर तिच्याकडून अधिकारपत्र मागितलं. बाई नोटा दोनदा मोजतात, मी वहीत सही करतो, त्या वही कपाटात ठेवतात. अजून एकदाही चहा विचारलेला नाही.